विश्लेषण : बाप्तिस्म्याआधीच मंडळीच्या कामात! नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळकांनी चर्चमध्ये आपली जागा कशी निर्माण केली?

चर्चच्या सामूहिक जीवनात सहभागी व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे? रविवारी उपासनेला जाणे, गीते म्हणणे, दानपेटीत पैसे टाकणे एवढ्यावर अनेकांचा सहभाग संपतो. नाशिकजवळच्या जलालपूरमध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचा प्रवास मात्र उलट्या क्रमाने झाला. त्यांनी आधी ख्रिस्ती वस्तीत संसार मांडला, तिथल्या माणसांची सुखदुःखे वाटून घेतली आणि त्यानंतर बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची लेखिका म्हणून त्या महाराष्ट्राला माहीत आहेत. मंडळीच्या जीवनात त्यांनी केलेले काम त्या मानाने कमी चर्चिले जाते.

मंडळी म्हणजे काय? नाशिकशी तिचा संबंध किती जुना?

मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या इमारतीला देऊळ किंवा चर्च म्हणतात आणि तिथे एकत्र येणाऱ्या माणसांना मंडळी. पाळक उपासना चालवतो, पण मंडळी चालते ती सदस्यांच्या कामावर. गायन, रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरच्या प्रार्थना, महिला मंडळ, तरुण संघ, अडलेल्या कुटुंबाला मदत अशी ही कामे असतात.

नाशिकमध्ये अशा जीवनाची सुरुवात शरणपूरमध्ये झाली. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये ही वसाहत उभारली. निराधारांना आसरा देणारे गाव म्हणून तिचे नाव शरणपूर. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुलेही इथे आणली गेली. त्यांना शिक्षणाबरोबर हातातले कसब शिकवले जाई. आफ्रिकेत मरण पावलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेचा विद्यार्थी होता. शहरातल्या शरणपूर रोडला या वसाहतीचेच नाव आहे.

जलालपूरच्या मनूचे बालपण कसे होते?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, घरात सगळे मनू म्हणत. जलालपूर हे गोदावरीकाठचे लहानसे गाव. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे, मीठसुद्धा. शिवाशिवीची भीती मुलांच्या अंगात लहानपणापासून भिनली. याच मुलीला पुढे सर्व जातींच्या माणसांसोबत एका पंगतीत बसायचे होते.

१८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. मनूची लक्ष्मी झाली. कोकणात जन्मलेले टिळक संस्कृत शिकण्यासाठी नाशिकला आले होते. हुशार, कवी मनाचे, तापट आणि एका जागी न टिकणारे असा त्यांचा स्वभाव. नोकऱ्या बदलत, गावे बदलत संसार चालला. हातात आलेले पैसे संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गरजवंताकडे गेलेले असत. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांचे शालेय शिक्षण कधीच झाले नाही.

१८९५ मध्ये काय घडले?

टिळक जातिभेदाने अस्वस्थ होते आणि सर्वांना एकत्र बांधू शकेल अशा धर्माच्या शोधात होते. १८९३ च्या सुमारास रेल्वेप्रवासात एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरच्यांना याची कल्पना नव्हती.

लक्ष्मीबाईंसाठी हा आघात दुहेरी होता. नवरा जिवंत असून संसार मोडला होता आणि समाजाच्या नजरेत त्या ना धड सवाष्ण, ना विधवा. मुलगा दत्तू अवघ्या तीन-चार वर्षांचा होता. पुढची चार-पाच वर्षे त्यांनी बहिणीच्या कुटुंबाच्या आधाराने काढली. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. मनातले दुःख त्या कवितेत मांडू लागल्या. टिळकांनी पत्रे लिहिणे थांबवले नाही आणि धर्म बदलण्याची सक्तीही केली नाही. हीच गोष्ट दोघांना पुन्हा जवळ आणणारी ठरली.

वेगळी चूल किती दिवस टिकली?

लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला आल्या त्या एका अटीवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, धर्म आपला आपण पाळायचा. नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते आणि टिळक तिथे मिशनच्या कामात होते. तिथल्या मंडळीतले बहुसंख्य सदस्य महार आणि मांग समाजांतून आलेले होते.

म्हणजे प्रश्न फक्त येशूवर विश्वास ठेवण्याचा नव्हता. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, कोणाला घरात घ्यायचे, कोणाच्या मुलाला कडेवर उचलायचे, असे प्रश्न रोज समोर येत. मिशनच्या आवारात राहायचे आणि शिवाशिवही पाळायची ही कसरत अवघड होती. शेजारणी भेटत, बोलत, अडीअडचणीला धावून येत. ज्यांच्या सावलीची भीती शिकवली गेली, तीच माणसे मायेने वागत होती.

लक्ष्मीबाईंनी यावर स्वतःशी पुष्कळ विचार केला. देवाने माणसे निर्माण केली, जाती माणसांनी केल्या, या निष्कर्षाला त्या आल्या. एकदा हे पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. टिळकांचे काम तेव्हा राहुरी परिसरात होते. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पाण्याची आणि पंगतीची भिंत त्याआधीच पडली होती. बाप्तिस्मा ही त्यावरची जाहीर मोहोर होती.

दुष्काळ आणि प्लेगच्या काळात त्यांनी काय केले?

त्या वेळी महाराष्ट्र दोन संकटांत सापडला होता. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेग पसरला आणि १८९९-१९०० मध्ये भीषण दुष्काळ पडला. आईबाप गमावलेली मुले रस्त्यावर आली. टिळक अशी मुले घरी आणत. त्यांना न्हाऊमाखू घालणे, खाऊ घालणे, आजारात जागणे हे काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. तुटपुंज्या मिळकतीत हे सगळे निभवायचे असे. मुलाची जात कोणती हे विचारण्याची वेळ कधीच मागे पडली होती.

पुढे नगरला प्लेग आला, तेव्हा रुग्णांच्या छावणीत राहून त्यांनी शुश्रूषा केली. नातेवाईकही जवळ जायला घाबरत असा तो काळ होता. आज चर्चच्या कामांच्या यादीत आजाऱ्यांची भेट हे एक काम असते. लक्ष्मीबाईंच्या काळात त्या भेटीत जीव जाण्याची शक्यता होती.

त्यांच्या घराचे दार मंडळीबाहेरच्यांनाही उघडे होते. कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, टिळकांच्या घरी राहिले. त्यांना लक्ष्मीबाईंनी मुलासारखे सांभाळले. बालकवींनी धर्म बदलला नाही, तशी अपेक्षाही नव्हती.

भजन-कीर्तन चर्चमध्ये कसे आले?

सुरुवातीच्या मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते म्हटली जात. खेड्यातल्या माणसाला ती परकी वाटत. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही वारकऱ्यांना परिचित वाट धरली आणि शेकडो गीते लिहिली. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे.

याचा परिणाम सहभागावर झाला. पुस्तक वाचता न येणारी बाईही भजनाच्या ओळी पाठ करून गाऊ शकत होती. टाळ वाजवायला शाळेत जावे लागत नव्हते. लक्ष्मीबाई स्वतः कविता रचत आणि पुढे कीर्तनही करू लागल्या. बाईने चारचौघांत उभे राहून कीर्तन करणे हे त्या काळात कोणत्याच समाजात सरसकट मान्य नव्हते.

‘देवाचा दरबार’ काय होता?

‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन टिळक करत. चर्चवरची परदेशी छाप आणि मिशनऱ्यांचे वर्चस्व त्यांना खुपत असे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा उपक्रम सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे सहभागी होता येणार होते. बाप्तिस्म्याआधी सहभाग ही कल्पना त्यांच्या घरात तोवर एकदा प्रत्यक्ष घडून गेली होती. दरबाराला मात्र वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले.

पतीच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी काय केले?

तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. मिशनची नोकरी आधीच सुटलेली, साठवलेले पैसे नाहीत. त्यांनी मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून काम केले. दुसऱ्यांची मुले सांभाळण्याचा अनुभव इथे उपयोगी पडला. काही काळ त्या कराचीतही राहिल्या. नंतर मुलगा देवदत्त यांच्यासोबत नाशिकला स्थिरावल्या.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य सुरू केले होते. त्यांच्या हातून सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जोडाक्षरे लिहिताना अडखळणाऱ्या बाईने ओवीबद्ध काव्य पूर्ण करावे, ही सामान्य गोष्ट नव्हती. जात्यावरच्या ओव्या आणि पोथ्या ऐकत वाढलेल्या कानाची ही कमाई होती. मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मानही त्यांना मिळाला.

‘स्मृतिचित्रे’ कसे जन्माला आले?

देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी सांगण्याचा आग्रह केला. त्या आठवणींचेच पुस्तक झाले. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. त्यात धर्मांतराचा गौरव नाही आणि सोडलेल्या समाजाची निंदाही नाही. नवऱ्याचा तिरसटपणा, स्वतःची फजिती, उपासमार, सोवळे, मिशनचे आवार हे सगळे त्यांनी सारख्याच मिश्कीलपणे सांगितले. म्हणूनच हे पुस्तक चर्चच्या भिंतींबाहेर पोहोचले आणि मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले गेले. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाई साकारल्या.

शेवटचा भाग प्रसिद्ध होण्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाईंचे नाशिकमध्ये निधन झाले.

आजच्या मंडळीसाठी यात काय आहे?

चर्चमध्ये नव्याने येणाऱ्याला बहुतेक वेळा एकच प्रश्न पडतो. मला बोलता येत नाही, बायबल पाठ नाही, मग माझा उपयोग काय? लक्ष्मीबाईंकडे सुरुवातीला यातले काहीच नव्हते. ज्या कामांना पद लागत नाही अशा कामांतून त्या मंडळीच्या झाल्या. स्वयंपाक, शुश्रूषा, पोरक्या मुलांचा सांभाळ ही ती कामे. गाणे, कीर्तन आणि लेखन त्यामागून आले.

दुसरी बाजू मंडळीची आहे. वेगळी चूल मांडून बसलेल्या बाईला नगरच्या शेजारणींनी दूर लोटले नाही आणि घाईही केली नाही. ती आपल्या हातचे पाणी पीत नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी तिची विचारपूस सोडली नाही. लक्ष्मीबाईंचे नाव इतिहासात राहिले, त्या शेजारणींपैकी बहुतेकींचे राहिले नाही. सहभागाची सुरुवात मात्र त्यांच्या अंगणातून झाली होती.