बॅरिस्टर नाथ पै

आपल्या दहिसरात कोकणातून येऊन राहिलेली बिऱ्हाडे पुष्कळ. माझेही माहेर वेंगुर्ल्याकडचे. तेव्हा स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे ठरताच मी कै. बॅ. नाथ पै यांचे नाव सुचविले.

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यास त्यांचा जन्म झाला. पितृछत्र लवकर हरपले. शिक्षण बेळगाव व पुणे येथे झाले. १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास घडला. पुढे विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले. ऑस्ट्रियातील क्रिस्टल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भाषा परकी, अन्न परके, हवा परकी. त्या माउलीस प्रथम काय वाटले असेल हे आपण बायकाच जाणू!

१९५७ साली प्रजासमाजवादी पक्षातर्फे ते राजापूरहून लोकसभेवर गेले, आणि १९६२ व १९६७ सालीही लोकांनी त्यांनाच निवडले. कोर्टापेक्षा लोकसभेतच त्यांची वकिली गाजली.

त्यांतील एक प्रकरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येणार नाही. अकरा न्यायमूर्तींपैकी सहा एका बाजूस, पाच दुसऱ्या बाजूस. आपल्या मंडळाचे नियम सर्वसाधारण सभेस बदलता येतील की नाही, असाच हा प्रश्न, फक्त साऱ्या देशाचा! नाथ पै विरोधी बाकावरचे, बहुमत काँग्रेसचे. तरीही लोकांनी निवडलेल्या सभागृहास घटनेचा कोणताही भाग बदलण्याचा अधिकार असावा, म्हणून त्यांनी त्याच वर्षी खाजगी विधेयक मांडले. हक्कांसाठी तुरुंग भोगलेल्या माणसाने हे करावे याचे काहींना नवल वाटले. मलाही हा अधिकार अगदी मोकळा सोडणे धोक्याचे वाटते. पण लोकांवर त्यांचा विश्वास किती गाढ होता, हे यावरून दिसते.

विधेयक संमत होण्यापूर्वीच डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली. १७ जानेवारी हा बेळगावचा हुतात्मा दिन. १९७१ साली त्या दिवशी ते तेथे बोलले, आणि लगेच १८ तारखेस हृदयविकाराने गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस! त्याच वर्षी चोविसाव्या दुरुस्तीने त्यांचे म्हणणे घटनेत आले. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. मात्र घटनेच्या मूळ चौकटीस हात लावता येणार नाही, अशी मर्यादाही घातली.

कोकणात रेल्वे यावी हा त्यांचा दुसरा ध्यास. त्यांच्यामागे राजापूरहून निवडून आलेले प्रा. मधु दंडवते यांनी तो पुढे चालविला. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. वेंगुर्ल्यास मात्र आजही कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते.