जोसेफ लिव्हसी : एका विणकराची प्रतिज्ञा

दारूबाजी हें पाप आहे ह्याविषयीं आमच्या मंडळ्यांत वाद नाहीं. वाद आहे तो निराळ्याच गोष्टीविषयीं. जो बंधु सणावारीं किंवा लग्नकार्यांत थोडेंसें घेतो, शुद्धीवर राहतो, आणि घरीं येऊन बायकामुलांस त्रास देत नाहीं, त्यास दोष द्यावा काय? हा प्रश्न नवा नाहीं. इंग्लंड देशांत एका गरीब विणकरापुढें तो उभा राहिला होता. त्यानें त्याचें उत्तर कसें दिलें हें वाचकांस कळावें म्हणून त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

जोसेफ लिव्हसी ह्यांचा जन्म सन 1794 च्या मार्च महिन्यांत प्रेस्टन शहराजवळील वॉल्टन गांवीं झाला. ते सुमारें सात वर्षांचे असतां त्यांचे आईबाप क्षयानें वारले. आजोबा विणकर होते. त्यांनीं नातवास आपल्याजवळ घेतलें. ओलसर तळघरांत माग चाले, आणि तेथेंच पुस्तक मागावर उघडें ठेवून हा मुलगा हातानें विणीत व डोळ्यांनीं वाचीत असे. शाळा त्यास फारशी मिळाली नाहीं. तरुणपणीं त्यांनीं ख्रिस्ताचा अंगीकार केला, आणि सन 1815 मध्यें त्यांचें लग्न झालें. पुढें आजारपणांत वैद्यानें चीज, म्हणजे विलायती पनीर, खाण्यास सांगितलें. दुकानांतील किरकोळ भाव परवडेना, म्हणून त्यांनीं अख्खा गोळा स्वस्तांत घेतला व उरलेला शेजाऱ्यांस विकला. त्यांतून चार पैसे सुटले, आणि त्यांनीं माग सोडून पनीराचा व्यापार धरिला.

त्या काळीं इंग्लंडांतील भले ख्रिस्ती लोकही बीयर पीत असत. जिनसारखी कडक दारू वाईट, पण जवाची बीयर म्हणजे मजुराचें अन्नच, अशी सर्वांची समजूत होती. पार्लमेंटनेंही सन 1830 मध्यें कायदा करून, दोन गिनी भरील त्या घरपट्टी देणाऱ्यास बीयर विकण्याचा परवाना दिला. लोक जिन सोडून बीयरकडे वळतील ही आशा होती. परंतु झालें असें कीं, थोड्याच महिन्यांत हजारों नवीं दुकानें उघडलीं, आणि मजुरांची मजुरी तेथें जाऊं लागली.

लिव्हसी स्वतः दारूबाज कधींच नव्हते. ते मितपान करणारे होते. सन 1831 मध्यें व्यापारानिमित्त एका घरीं त्यांनीं व्हिस्कीचा एक पेला घेतला. त्यानें कांहीं अनर्थ झाला नाहीं. परंतु मागाहून ते विचारांत पडले. घरीं मुलगे वाढत होते. आपण जेथें थांबतों तेथें तीं मुलें थांबतीलच कशावरून? तो पेला त्यांचा शेवटचा ठरला.

सन 1832 च्या मार्चांत प्रेस्टन येथें मद्यपाननिषेधक मंडळी स्थापन झाली. तिची प्रतिज्ञा अशी होती कीं, कडक दारू मुळींच पिऊं नये, आणि बीयर वगैरे पेयें बेतानें घ्यावीं. लिव्हसी तिच्या पुढाऱ्यांपैकीं एक होते. परंतु दारूबाजांच्या घरोघर फिरतां त्यांस कळून आलें कीं, ह्या गरिबांचा नाश बीयरनेंच होत आहे. आणि ज्यास एका पेल्यावर थांबतांच येत नाहीं, त्यास बेतानें पी असें सांगणें म्हणजे बुडणाऱ्यास कमरेइतक्या पाण्याची वाट दाखविण्यासारखें आहे. म्हणून 1 सप्टेंबर 1832 रोजीं त्यांनीं व इतर सहा जणांनीं, औषधाखेरीज सर्व मादक पेयें सोडण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. पुढच्या वर्षीं रिचर्ड टर्नर नांवाच्या सुधारलेल्या दारूबाजानें आपल्या गांवढळ बोलींत ह्या पूर्ण वर्जनास टीटोटल हें नांव दिलें, आणि तें जगभर पसरलें. जेथें पूर्वी कोंबड्यांच्या झुंजी होत, त्याच जागीं ह्या लोकांच्या सभा भरूं लागल्या. तेथें लिव्हसी बीयर तापवून तिच्यांतील दारू काढीत व ती पेटवून दाखवीत. आणि जव मोड आणून कुजवितां त्यांतील बहुतेक पोषण कसें नाहींसें होतें, हें हिशेबानें समजावीत.

विरोध पुष्कळ झाला. काना गांवचें लग्न आणि तीमथ्यास पौलानें दिलेला सल्ला हे दाखले पुढें आले. ते दाखले खरेच आहेत, आणि आम्ही ते झांकूं इच्छीत नाहीं. शास्त्र द्राक्षारसास पाप म्हणत नाहीं, मस्तपणास म्हणतें. परंतु तोच पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 14 व्या अध्यायांत आपल्या मोकळिकीस एक मर्यादा घालितो, आणि ती मर्यादा म्हणजे अशक्त बंधूचा जीव. लिव्हसी ह्यांचें उत्तर ह्याच जातीचें होतें. त्यांनीं मितपान सोडलें तें तें पाप ठरलें म्हणून नव्हे, तर आपल्या हातांतील पेला पाहून दुसरा पडतो म्हणून.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यांनीं केवळ कायद्यावर भिस्त ठेविली नाहीं. पडलेल्याकडे जावें, त्याच्यापाशीं बसावें, सही केल्यावरही त्याची विचारपूस करावी, ही त्यांची रीत होती. 2 सप्टेंबर 1884 रोजीं, वयाच्या 91 व्या वर्षीं, ते वारले. प्रतिज्ञेस तेव्हां 52 वर्षें पुरीं झालीं होतीं.

उपदेशक बंधूंनो, मंडळींत जो थोडेंसें घेतो त्यावर अधर्माचा ठपका ठेवूं नका. तसें केल्यास तो लपून पिईल, आणि तुम्ही शास्त्रापलीकडे जाल. त्यास इतकेंच विचारा कीं, त्याच्या पंक्तीस कोण बसतो? सुटूं पाहणारा एखादा शेजारी तेथें आहे काय? आणि आपण स्वतः सोडलें असेल, तर न सुटलेल्याच्या दारीं ह्या आठवड्यांत गेलों काय, हेंही आपणांस विचारूं या. देव आम्हां सर्वांस असें प्रेम देवो.