पालवणकर बाळू : मुंबईच्या मैदानावरील मानकरी
मुंबईच्या क्रिकेट परंपरेत पालवणकर बाळू यांचे स्थान अग्रभागी आहे. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखत असत. पुण्यात हिंदू संघातून खेळताना त्यांना चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जाई. पुढे मुंबईत आलेले हे डावखुरे फिरकी गोलंदाज हिंदू संघाचा आधारस्तंभ ठरले. १९०६ मध्ये या संघाने मुंबईत युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळू यांनी ११४ बळी घेतले. तरीही जातिभेदामुळे संघाचे नियमित कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२३ मध्ये तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. १९५५ मध्ये बाळू यांचे मुंबईत निधन झाले.