हळदोण्याचा ट्रम्पेटवादक : चिक चॉकलेट

लग्नसराईच्या दिवसांत करडीच्या वाटेनें एखादी वरात निघाली, कीं तिच्यापुढें बँडवाले असावयाचेच. त्यांच्या पितळी वाद्यांवर वाजणाऱ्या सिनेमाच्या चाली आपल्या कानांस इतक्या सवयीच्या झाल्या आहेत कीं, ही फुंकण्याची ऐट हिंदी गाण्यांत आली कोठून, असा प्रश्न फारच थोड्यांच्या मनांत येत असेल. आमच्याही मनांत तो उशिरांच आला. त्याच्या मागें लागलों असतां आम्ही एकीकडे गोव्यांतील चर्चच्या शाळेपर्यंत व दुसरीकडे अमेरिकेंतील कापसाच्या शेतांपर्यंत जाऊन पोहोंचलों. या दोन टोकांस जोडणारा जो पुरुष आम्हांस भेटला, त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अंतोनियो शाविएर वाझ यांचा जन्म इ. स. 1916 मध्यें गोव्याच्या बारदेश तालुक्यांतील हळदोणें या गांवीं झाला. गोवें त्या वेळीं पोर्तुगिजांच्या अमलाखालीं होतें. तेथील चर्चना जोडलेल्या शाळांतून मुलांस अक्षरओळखीबरोबरच सुरांचीही ओळख करून देण्याची जुनी चाल होती. पांच रेघांवर लिहिलेलें पाश्चात्य संगीत वाचणें, चर्चमधील समूहगायनांत गाणें, व्हायोलिन धरावयास शिकणें, हें सर्व गरिबाच्या पोरासही तेथें मिळे. अंतोनियोचा संगीताचा ओनामा गांवच्या अशाच शाळेंत झाला. त्याच्या आईची इच्छा मात्र अशी होती कीं, मुलानें मेकॅनिक व्हावें व चार पैसे मानानें मिळवावे. त्या माउलीस आम्ही दोष देणार नाहीं. वाजंत्र्याच्या पोटाची शाश्वती कोणत्या आईला वाटेल? मुलाचें मन मात्र तुतारीच्या जातीच्या त्या पितळी वाद्यावर, ट्रम्पेटवर, जडलें होतें.

आतां थोडें अमेरिकेकडे वळणें प्राप्त आहे. तेथें 1865 मध्यें गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. परंतु दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचे हाल संपले नाहींत. शेतांत राबणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या या लोकांनीं आपलें दुःख ज्या गाण्यांत ओतलें, त्यांस ब्लूज म्हणतात. या गाण्यांचा बांधा अगदीं साधा आहे. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावयाचें. गंधार व निषाद हे स्वर किंचित् उतरवून असे लावावयाचे कीं, आवाजांत कढ दाटून यावा. जात्यावरची ओवी ज्यानें पहांटे अंथरुणांत पडून ऐकली आहे, त्यास हें फार परकें वाटूं नये. डब्ल्यू. सी. हँडी यांनीं 1914 मध्यें सेंट लुई गांवच्या नांवाचें एक ब्लूज छापून प्रसिद्ध केलें. पुढें 1925 मध्यें बेसी स्मिथ या थोर गायिकेनें तें ध्वनिमुद्रित केलें, तेव्हां तिच्या प्रत्येक ओळीस कॉर्नेटवरून उत्तर देणारा तरुण होता लुई आर्मस्ट्राँग. हाही गरिबाचाच मुलगा. अनाथ व वाट चुकलेल्या मुलांच्या आश्रमशाळेंतील बँडांत तो कॉर्नेट शिकला. बेसी 1937 मध्यें वारली, आणि तिच्या थडग्यावर नांवाचा दगड बसावयास 1970 साल उजाडावें लागलें!

ब्लूजच्या पोटींच जाझ वाढलें, आणि आर्मस्ट्राँगच्या तबकड्या समुद्र ओलांडून मुंबईस आल्या. तबकड्यांच्या मागोमाग माणसेंही आलीं. 1935 पासून लिऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे कृष्णवर्णीय वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागले. मायदेशीं ज्यांस वर्णामुळें पदोपदीं अपमान सोसावा लागे, त्यांस येथें पुष्कळ मोकळें वाटे. नोकरीसाठीं मुंबईस आलेल्या गोमंतकीय वादकांनीं त्यांचें वाजविणें कान देऊन ऐकलें. लिहिलेले स्वर वाचण्यांत ही मंडळी तरबेज होती. पण जाझचें मर्म कागदावर उतरत नाहीं, तें कानानेंच घ्यावें लागतें. वाझ यांनीं आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकून ऐकून त्याची एकेक फुंक आत्मसात् केली. पुढें चिक चॉकलेट या नांवानें त्यांनीं स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि अपोलो बंदरावरील ग्रीन्स व ताजमहाल या हॉटेलांतून 1940 नंतरच्या वर्षांत मोठें नांव मिळविलें. लोक त्यांस भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. आम्हांस हें बिरुद गौरवाचें वाटतें, पण त्यांत थोडा अन्यायही दिसतो. कारण दुसऱ्याच्या नांवानें मिळालेली कीर्ति कितीही मोठी असली तरी उसनीच.

स्वातंत्र्यानंतर मुंबई इलाख्यांत दारूबंदी आली, हॉटेलांतील रात्री ओसरल्या, आणि वादकांनीं सिनेमाच्या स्टुडिओंची वाट धरली. तेथें वाझ यांची गांठ पडली ती सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्याशीं. हे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे. संगीताचे कांहीं धडे त्यांनीं आपल्या नागपुरांत घेतले होते. चाल रामचंद्र बांधीत. परंतु ती वाद्यांच्या मोठ्या ताफ्याकडून वाजवून घ्यावयाची, तर प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढावा लागे. तें काम चर्चच्या शाळेंत शिकलेल्या माणसाचें. 1951 मध्यें अमरावतीचे सुपुत्र भगवान यांचा अलबेला हा चित्रपट निघाला, आणि त्यांतील गाण्यांनीं सारा देश नाचूं लागला. त्या नाचांतील पितळी वाद्यांची उसळी वाझ यांची होय. पडद्यावरही ते आपल्या साथीदारांसह झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून दिसतात. त्याच वर्षीं नादान या चित्रपटास त्यांनीं स्वतंत्रपणें संगीत दिलें. पण एरव्हीं नामावलींत त्यांची जागा सहायकाची. सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा कितीतरी गोमंतकीयांचें असेंच झालें. कित्येकांचें तर नांवही पडद्यावर आलें नाहीं. चाल बांधणाऱ्याचें श्रेय आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु घर बांधलें म्हणजे गवंड्याचेंही नांव विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें.

1966 मध्यें चेतन आनंद यांचा आखरी खत हा चित्रपट आला. त्यांतील रात्रीच्या एका हॉटेलांतील प्रसंगांत तरुण भूपिंदर गात आहे, आणि त्याच्या गाण्यास ट्रम्पेटवरून उत्तर देणारे पन्नाशीचे एक गृहस्थ दिसतात. तेच चिक चॉकलेट. दुसऱ्याच वर्षीं, 1967 मध्यें, ते वारले. हा चित्रपट कोणाच्या घरीं लागला, तर विद्यार्थ्यांनीं नायकावरून नजर काढून घटकाभर त्या ट्रम्पेटवाल्याकडे पहावें.