कमला सोहोनी: रामन यांनी प्रवेश नाकारला, पण त्या मागे हटल्या नाहीत

मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी परीक्षेत अव्वल आलेल्या कमला भागवत यांनी १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव याच संस्थेत रसायनशास्त्र शिकले होते. तरीही कमला यांचा अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, त्या मुलगी होत्या. नकार देणारे होते संस्थेचे संचालक आणि नोबेल विजेते सी. व्ही. रामन.

लेखिका दुर्गा भागवत यांची ही बहीण गप्प बसणारी नव्हती. त्यांनी थेट रामन यांनाच जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर.

काय होत्या या अटी?

पहिलं वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नव्हतं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीही, काम करावं लागणार होतं. शिवाय त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे लक्ष पुरुषांचं आणि जबाबदारी मात्र कमला यांची!

मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्याकडे त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर संशोधन केलं. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं मुलींसाठी उघडली. त्या अटींचा अपमान मात्र कमला उतारवयातही विसरल्या नव्हत्या.

केंब्रिज ते मुंबई

केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतींच्या पेशींमध्ये 'सायटोक्रोम सी' असल्याचं दाखवून दिलं. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. प्रबंध होता जेमतेम ४० पानांचा. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात आणि कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. नीरा आणि गरिबांच्या आहारातल्या पदार्थांच्या पोषणमूल्यांवर तिथे संशोधन झालं. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

तरीही याच संस्थेचं संचालकपद अंतर्गत राजकारणामुळे त्यांना सुमारे चार वर्षं उशिरा मिळालं. विद्यार्थिनी असताना उघड नकार आला होता. पात्रता सिद्ध झाल्यावर फक्त वाट पाहायला लावलं गेलं.

१९९८ मध्ये कमला सोहोनी यांचं निधन झालं. बंगळुरूच्या त्या संस्थेत पुढे आलेल्या मुलींना मात्र त्यांच्यासारख्या अटी मान्य करून शिकावं लागलं नाही.