रोलिंग स्टोन्सचे संस्थापक ब्रायन जोन्स

सहा दशकांहून अधिक काळ गाजत राहिलेल्या ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश बँडचे नाव घेताच मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात. मात्र हा बँड उभा केला, त्याला नाव दिले आणि आरंभीची दिशा ठरवली ती ब्रायन जोन्स यांनी. स्वतः जमवलेल्या या संचातून सात वर्षांतच बाहेर पडण्याची वेळ त्यांच्यावर आली आणि त्यानंतर महिन्याच्या आत, वयाच्या २७ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

जोन्स यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९४२ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. वडील विमान अभियंता, आई पियानो शिकवीत असे. बालपणीच्या आजाराने जडलेला दमा त्यांना जन्मभर सोडून गेला नाही. अभ्यासात हुशार, शिस्तीशी मात्र वैर. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि गिटार ही वाद्ये त्यांनी किशोरवयातच हाताळली. पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताने त्यांना झपाटून टाकले. बोटात नळी घालून ती गिटारच्या तारांवर सरकवत वाजवण्याची एल्मोर जेम्स यांची शैली त्यांनी आत्मसात केली. १९६२ च्या वसंतात लंडनमधील ईलिंग क्लबमध्ये, ॲलेक्सिस कॉर्नर यांच्या संचाबरोबर त्यांनी हे वादन सादर केले, तेव्हा श्रोत्यांमध्ये जॅगर आणि रिचर्ड्स हे दोन तरुण होते.

त्याच वर्षी मे महिन्यात जोन्स यांनी ‘जॅझ न्यूज’ नियतकालिकात साथीदार हवे असल्याची जाहिरात दिली. सर्वप्रथम आले ते पियानोवादक इयन स्टुअर्ट. जॅगर आणि रिचर्ड्स त्यानंतर आले. मडी वॉटर्स यांच्या एका गाण्यावरून जोन्स यांनी बँडचे नाव ठेवले आणि १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये पहिला कार्यक्रम झाला. डिसेंबरमध्ये बिल वायमन आणि जानेवारी १९६३ मध्ये चार्ली वॉट्स दाखल झाले. कार्यक्रम मिळवणे, पत्रव्यवहार करणे ही सारी कामे जोन्स पाहत. नेता या नात्याने ते इतरांपेक्षा पाच पौंड अधिक घेत असत. ही गोष्ट उघड झाल्यावर साथीदारांच्या मनात अढी बसली.

१९६३ मध्ये अँड्र्यू लूग ओल्डहॅम व्यवस्थापक झाले. रंगमंचावर शोभत नाहीत म्हणून त्यांनी स्टुअर्ट यांना संचातून वगळले आणि जोन्स यांच्यासह सर्वांनी ते मान्य केले. स्टुअर्ट मात्र पडद्यामागे राहून अखेरपर्यंत बँडसाठी वाजवत राहिले.

डिसेंबर १९६४ मध्ये ‘लिटल रेड रूस्टर’ हे अस्सल ब्लूज गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यातील जोन्स यांचे गिटारवादन आजही दाद घेते. १९६५ मध्ये अमेरिकेतील ‘शिंडिग’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्टोन्सच्या आग्रहाने ज्येष्ठ ब्लूज गायक हाउलिन वुल्फ यांना आमंत्रण मिळाले.

तोवर पारडे झुकू लागले होते. ओल्डहॅम यांच्या आग्रहाने जॅगर आणि रिचर्ड्स गाणी रचू लागले. जोन्स यांना ती हातोटी साधली नाही. मग त्यांनी नवनवी वाद्ये जवळ केली. १९६६ च्या ‘आफ्टरमॅथ’ या अल्बममधील मारिंबा आणि डल्सिमर, त्याच वर्षीच्या ‘पेंट इट ब्लॅक’मधील सतार आणि ‘रूबी ट्यूसडे’मधील लाकडी बासरी त्यांचीच. रागविस्ताराच्या मोहात न पडता त्यांनी सतारीवर गाण्याचीच चाल वाजवली आणि गाण्याला वेगळा रंग आणला. मूळ गाणे दुसऱ्यांचे असले, तरी ते स्मरणात राहते ते बहुधा या रंगामुळे.

१९६७ हे वर्ष त्यांना जड गेले. प्रेयसी अनिता पॅलेनबर्ग त्यांना सोडून रिचर्ड्स यांच्याकडे गेल्या. त्याला जोन्स यांची मारहाणही कारणीभूत होती, हे विसरता येत नाही. मे महिन्यात अमली पदार्थांच्या प्रकरणी त्यांना अटक झाली. नऊ महिन्यांची कैद अपिलात टळून एक हजार पौंड दंडावर निभावले. व्यसन बळावले, ध्वनिमुद्रणास येणे अनियमित झाले. तरीही १९६८ च्या ‘नो एक्स्पेक्टेशन्स’मध्ये त्यांची गिटार पूर्वीच्याच तन्मयतेने बोलली. त्याच वर्षी मोरोक्कोतील जजूका गावी जाऊन त्यांनी तेथील लोकवादकांचे ध्वनिमुद्रण केले. ते १९७१ मध्ये प्रकाशित झाले.

८ जून १९६९ रोजी जॅगर, रिचर्ड्स आणि वॉट्स हे ससेक्समधील कॉचफर्ड फार्म या त्यांच्या निवासस्थानी गेले आणि आता वाटा वेगळ्या झाल्याचे त्यांनी सांगितले. त्यांच्या जागी वीस वर्षांचे मिक टेलर आले. २ जुलैच्या मध्यरात्रीच्या सुमारास जोन्स घराच्या जलतरण तलावात निश्चेष्ट आढळले. चौकशीत अपघाती मृत्यूचा निष्कर्ष निघाला. घातपाताची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली, परंतु २०१० मध्ये पोलिसांनी नव्या पुराव्याअभावी प्रकरण पुन्हा उघडण्यास नकार दिला. ५ जुलै रोजी लंडनच्या हाइड पार्कमधील पूर्वनियोजित कार्यक्रमात त्यांच्या स्मरणार्थ हजारो पांढरी फुलपाखरे सोडण्यात आली. चेल्टनहॅम येथील अंत्यविधीस बँडमधील वॉट्स आणि वायमन उपस्थित होते; जॅगर आणि रिचर्ड्स नव्हते.

टेलर १९७४ मध्ये गेले, रॉनी वूड आले. पुढे वायमन निवृत्त झाले आणि २०२१ मध्ये वॉट्स यांचे निधन झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बमच्या अखेरीस जॅगर आणि रिचर्ड्स दोघांनीच एक जुने गीत सादर केले आहे. ते मडी वॉटर्स यांचे, जोन्स यांनी १९६२ मध्ये बँडच्या नावासाठी निवडलेले गीत होय.