एकोणचाळीस अंकी पराक्रम

एदुआर ल्युका १८४२ साली फ्रान्समधल्या आमियाँ गावी जन्मला. आधी पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, प्रशियाशी झालेल्या युद्धात तोफखान्यात अधिकारी, मग शाळेत गणिताचा मास्तर. नाव राहिलं ते मात्र एका आकड्यापायी.

एकाची दुप्पट, तिची पुन्हा दुप्पट, अशी १२७ वेळा करा आणि एक वजा करा. येते ३९ अंकी संख्या. ती मूळ संख्या आहे, हे ल्युकानं १८७६ साली सिद्ध केलं. भाजक शोधत बसला असता तर सात जन्म पुरले नसते! त्याची रीत निराळी. तीनापासून निघायचं, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या मोठ्या संख्येनं भागून बाकी ठेवायची. असं सव्वाशे वेळा. शेवटी बाकी शून्य, तर संख्या मूळ. बँकेत आमचा रोजमेळ जुळेना की रात्र व्हायची. इथे एक हातचा चुकला की सगळंच मुसळ केरात. आणि हे सारं हातानं! १९५१ पर्यंत याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही.

मुलांचा ‘हनोईचा मनोरा’ हा चकत्यांचा खेळही त्याचाच, १८८३ मधला. १२७ चकत्या हलवायला नेमक्या तेवढ्याच खेळ्या लागतात.

१८९१ साली एका मेजवानीत ताटली फुटली, तुकडा गालाला लागला. जखम चिघळली आणि काही दिवसांतच, एकोणपन्नासाव्या वर्षी, ल्युका गेला.